कानात कापूस घालणारी गिरणवाली

पुढचं उजवं चाक निघालं आणि आमच्याच गाडीच्या पुढे पळत गेलं. मी ते काचेतून पाहिलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या गाडीचं असेल. चाक रस्त्याच्या मधून सरळ चाललं होतं, जणू त्याला पालघरला काही काम होतं. मग आमची गाडी उजव्या कोपऱ्यावर खाली बसली. लोखंड डांबरावर घासलं. नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे ओढत होता आणि गाडी उजवीकडेच जात होती. मी ओरडले. मागच्या सीटवर गिरणवाली बसली होती, ती ओरडली नाही. समोर चिंचेचं झाड होतं.

बोईसरहून पालघरला जाताना उमरोळीच्या अलीकडे हे झालं. गाडीत आम्ही तिघं होतो. मला लिहायचं आहे ते गिरणवालीबद्दल. ती मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी फसायला नको. मी चौथीपर्यंत शिकले आहे. नवऱ्याला समोर 'अहो' म्हणायचे, पण लिहिताना नवरा म्हणजे नवराच लिहिते.

गिरणवाली आमची घरमालकीण. कुंभवलीत तिच्या पत्र्याच्या चार खोल्या एका ओळीत होत्या आणि ओळीच्या शेवटी तिची भाताची गिरण. आम्ही कराडकडचे. नवरा अकरा वर्षं ट्रकवर होता. मग त्याने एक जुनी काळी मोटार घेतली आणि एका कारखान्याच्या साहेबाला बोईसर स्टेशनवरून आणायचं, न्यायचं काम धरलं. खोली बघायला आलो तेव्हा ती गिरणीच्या दारात स्टुलावर बसली होती. लुगड्यावर मेलेल्या बापाचा सदरा. केसात भाताचा कोंडा. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

नवऱ्याने गाडी चालूच ठेवली होती. त्याने विचारलं, "बाई, खोली आहे का?"

तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. एका कानातला कापूस काढला, मान वाकडी करून गाडीकडे कान केला. मग म्हणाली, "सायलेन्सरला भोक हाय."

नवरा खाली वाकला, हात घालून पाहिलं. भोक होतं.

"खोली पन हाय," ती म्हणाली आणि कापूस परत कानात घातला.

नवरा हसला. मला तेव्हाच ते हसणं खटकलं.

कापसाचं तिचं असं होतं की तो ती फक्त मशीनसाठी काढायची. माणूस बोलायला आला की बोळे तसेच. मी एकदा म्हटलं, "अहो बाई, मी बोलतेय, कापूस तरी काढा." तर म्हणाली, "माणसाचं ऐकायला काढावं लागत नाय. तुमी परत सांगताच."

गिरणीचं इंजिन तेलावर चालायचं. लांब पट्टा, खाली मशीन, सगळीकडे धुरळा. तिच्या बापाने ते बसवलं होतं आणि ती त्याच्या शेजारी वाढली होती. ती इंजिनाकडे पाठ करून बसायची. सुपातलं भात मशीनमध्ये पडलं की आवाजावरूनच हात वर करायची. "थांब. ओलं हाय. घेऊन जा, दोन दिस ऊन दाव." कुणी हुज्जत घातली, की बाई, हातात घेऊन तरी बघा, तर म्हणायची, "हाताला काय कळतं?" डोंगराकडच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन यायच्या, त्यांचं ती आधी दळून द्यायची. पोत्यांच्या राशी घेऊन आलेले बागायतदार दारात ताटकळत. त्यांनी तक्रार केली की सांगायची, "थोडं थोडं दिलं की इंजिन खूश असतं." लोकांना वाटायचं ती गरिबांबाबत कनवाळू आहे. मला तसं वाटत नाही. तिला खरंच इंजिनाचंच पडलेलं असायचं.

लग्न झालं होतं तिचं. बेटेगावात दिली होती. आठव्या दिवशी चालत परत आली. बापाने विचारलं, मारलं का? नाही. उपाशी ठेवलं? नाही. मग काय? तर म्हणाली, "त्या घरात सगळी एकदम बोलतात." बापाने पुन्हा पाठवली नाही. पुढे तिच्या नवऱ्याने दुसरी केली. दुसरीचं भात दळायला हिच्याकडेच यायचं. त्या दोघी उन्हात बसून चिंचा खायच्या.

दिसायला ती काहीच नव्हती. हेच जास्त लागतं. देखणी असती तर लोकांनी मला तरी समजून घेतलं असतं.

भिंतीपलीकडून तिला माझा स्टोव्हसुद्धा ऐकू यायचा. मी कढईत फोडणी टाकलेली, आणि पत्र्यावर टकटक. "ए घाटावरची, पिन मार." मी पिन मारायचे. स्टोव्ह निळा पेटायचा. एकदा मुद्दाम मारली नाही, तर भाजी अर्धी कच्ची राहिली आणि नवऱ्याने जेवताना विचारलं, "आज बाईंनी सांगितलं नाही का?"

दुसरी गोष्ट दाढेची. नवरा ओट्यावर बसून भाकरी खात होता. ती समोरून चालली होती, हातात तेलाचा डबा. थांबली. "डायवर, तुजी डावीकडची दाढ बग. चावताना वाजते." आठ दिवसांनी दाढ सुजली आणि काढावी लागली. डॉक्टर म्हणाला, लवकर आला असतात तर वाचली असती. माझ्या नवऱ्याची दाढ. मी सहा वर्षं त्याच्या समोर बसून जेवत होते.

पण सगळ्यात जास्त लागलं ते त्याच्या कानाचं. ट्रकवर उजवी खिडकी सदा उघडी, समोरून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे त्याच अंगाला. अकरा वर्षांत त्याचा उजवा कान मंद झाला. तो कुणाला सांगायचा नाही. साहेबाला कळलं असतं तर साहेबाने दुसरा ड्रायव्हर बघितला असता. मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही त्यानेच सांगितलं म्हणून. गिरणवालीला दोन दिवसांत कळलं. ती त्याच्या उजव्या बाजूने काहीतरी बोलली, मग चालत डाव्या बाजूला गेली आणि तेच पुन्हा बोलली. बस. त्यानंतर ती कायम त्याच्या डावीकडे उभी राहायची. कुणाला बोलली नाही. मलाही नाही. ती डावीकडे उभी राहते हे मी बघायचे आणि आतून जळायचे.

तर गाडीचा आवाज.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर गाडीत घुमल्यासारखा आवाज यायला लागला. हळू चालवली तर काही नाही, जोरात नेली की घूं सुरू. साहेब मागे बसून म्हणाला, "ये क्या भोंगा बज रहा है?" नवऱ्याला तो धड ऐकू येत नव्हता. डाव्या कानाला लांबचा लागायचा, पण कुठून येतो ते कळायचं नाही. त्याला दुसऱ्याचा कान हवा होता. त्याने मला विचारलं नाही. तो गिरणीत गेला.

दुपारी साहेब कारखान्यात असायचा तेव्हा दोघं गाडी घेऊन चिंचणीकडच्या रस्त्याला जायची. ती पुढे बसायची, ड्रायव्हरच्या डावीकडे. एक दिवस, दोन दिवस. शेजारच्या खोलीतली विचारायची, "काय वहिनी, आज पण कान तपासायला गेली का दोघं?" आणि तोंडावर पदर घेऊन हसायची. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. नवरा म्हणाला, "तू कुठे?" मी म्हटलं, "हवा खायला."

मग मी पाहिलं ती दोघं काय करतात. वाईट काही करत असती तर मला बरं वाटलं असतं.

तिने चपला काढल्या आणि अनवाणी पाय गाडीच्या तळाला चिकटवले. कापूस काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. डोळे मिटले.

"चाळीस," नवरा म्हणाला.

तिने तळवा वर केला. म्हणजे अजून.

"पंचेचाळीस."

तळवा आडवा. म्हणजे इथंच ठेव.

"आता पाय काढ," ती म्हणाली. त्याने पेट्रोलवरचा पाय काढला. "न्यूटल कर." त्याने गियर काढला. इंजिन शांत झालं, गाडी आपल्या वेगाने धावत राहिली आणि घूं तसाच राहिला.

"इंजिनचा नाय. खालचा हाय. आता डुलव."

त्याने मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली, पुन्हा डावीकडे. मी मागे या दारावरून त्या दारावर आपटत होते. ती हलली नाही.

"सारखाच हाय," ती म्हणाली. "चाकाचं बेरिंग असतं तर आवाज बदलला असता. टायर हाय. मागचा पुढं घाल, मग बग."

नवऱ्याने तिथंच सुरूच्या झाडाखाली जॅक लावला. पुढचा टायर मागे गेला, मागचा पुढे आला. परत निघालो तर घूं माझ्या सीटखालून यायला लागला. मलासुद्धा ऐकू आला.

"आला का मागं?" नवऱ्याने विचारलं.

"आला, आला!" ती म्हणाली, आणि दोघं हसली. नवरा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. त्याला इतकं हसताना मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. टायर एका अंगाने झिजला होता, एवढंच त्यात हसण्यासारखं.

परत येताना ती त्याला शिकवत होती. बेरिंग असेल तर कसं ओळखायचं. "गाडी डावीकडं वळली की तिचं वजन उजव्या चाकावर पडतं. तवा आवाज वाढला तर उजवं आजारी. उजवीकडं वळताना वाढला तर डावं. आनि कानाला कुठून वाटतं त्याच्यावर जाऊ नको. आवाज भिंतीला लागून फिरून येतो." हे सगळं माझ्या समोर सांगितलं. मी ऐकत नव्हते. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि मुद्दाम बघत होते.

त्या रात्री मी भांडले. सरळ सांगितलं, "ती पुन्हा गाडीत पुढे बसली तर मी कराडला निघून जाते."

नवरा म्हणाला, "अगं, ती गाडी ऐकते. मला थोडीच ऐकते?"

"मग मी काय बहिरी आहे?"

तो म्हणाला, "बरं. पुढच्या वेळी तू ऐक."

दुसऱ्या दिवशी त्याने गिरणवालीला काहीतरी सांगितलं असावं. ती माझ्याकडे आली, डबाभर कण्या ठेवल्या आणि म्हणाली, "माजं काय नाय. गाडी त्याची, बायको तू." हे ती टोमणा म्हणून बोलली की साधंच, ते मला कळलं नाही. तिच्या बोलण्यात टोमणा असला तरी मला कधी सापडायचा नाही. ती पुन्हा गाडीकडे फिरकली नाही. गाडी दारातून जाताना कापूससुद्धा काढायची नाही. त्याचाही मला राग आला. निदान चोरून तरी ऐकायचं.

दुसऱ्या वर्षी भात कापणी चालू असताना आवाज परत आला. या वेळी मी पुढे बसले.

त्या दुपारी मी नवी साडी नेसले होते, हे खोटं नाही. कुंभवलीहून कारखान्यांच्या भिंतींमधून जाणारा जो लांब रस्ता आहे तिथे नवऱ्याने गाडी काढली. मी चपला काढल्या. डोळे मिटले. नवरा म्हणाला, "चाळीस," आणि मी तळवा वर केला. मला हे सगळं येत होतं. पंचेचाळीसला घूं लागला. माझी खिडकी उघडी होती आणि डाव्या बाजूला कारखान्याची भिंत होती. आवाज माझ्या कानाशीच होता.

"डावीकडून येतोय," मी म्हटलं.

"डुलवू का?"

"डुलवा."

त्याने गाडी डावीकडे घेतली, घूं वाढला. उजवीकडे घेतली, कमी झाला. "डावीकडे वळलं की वाढतो," मी म्हटलं. "म्हणजे डावंच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई काहीतरी उलटं सांगत होती ना?"

"उलटं कशाला असेल? डावीकडे वाढतो तर डावं. साधी गोष्ट आहे."

त्याला आठवत नव्हतं. मला आठवत होतं की नाही, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिने सांगितलं होतं एवढं आठवत होतं. काय सांगितलं, ते नव्हतं.

बोईसरच्या गॅरेजवाल्याने डावं चाक उतरवलं. बेरिंग काढलं, चिंधीने पुसलं, बोटावर धरून फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. तो उत्तरेकडचा होता. म्हणाला, "भाभी, ये तो एकदम अच्छा है. इसको कुछ नहीं हुआ. दूसरा साइड देख लूँ?"

मी म्हटलं, "ह्येच बदला."

तो नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा म्हणाला, "वो बोली ना, बदल दे. मेरी घरवाली का कान है."

मेरी घरवाली का कान है. लोकांसमोर त्याने माझी तारीफ केली ती एवढी एकदाच. गॅरेजवाल्याने खांदे उडवले आणि नवं बेरिंग घातलं.

परत येताना पंचेचाळीसला घूं लागला. होता तसाच.

नवऱ्याने विचारलं, "गेला ना?"

मी म्हटलं, "गेला."

आत्ताच तर त्याने माझ्या कानाचं नाव घेतलं होतं. तासाभरात मी ते कसं परत करणार होते? मला वाटलं, असेल थोडा, नवं बेरिंग बसायला वेळ घेत असेल. साहेब त्या दिवसांत रजेवर गेला होता, त्यामुळे मागून ओरडणारंही कुणी नव्हतं. नवरा खुशीत होता. संध्याकाळी शिरा कर म्हणाला. मी केला.

बारा दिवसांनी गिरणवालीला पालघरला तहसील कचेरीत जायचं होतं. गिरणीच्या परवान्याचं काम. ती बसने निघाली होती, नवराच म्हणाला, "बाई, चला, मी सोडतो." मी लगेच म्हटलं, "मी पण येते." मी पुढे बसले. ती न बोलता मागे बसली, माझ्या मागच्या कोपऱ्यात. सदरा धुतलेला होता. कानात कापूस होता. चपला पायात होत्या. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला छान वाटत होतं. मी तिला ऐकवायला नवऱ्याशी मोठ्याने बोलत होते, माहेरचं, सासरचं, काहीही.

बोईसर सोडलं आणि नवऱ्याने वेग वाढवला. थोड्या वेळाने मागे हालचाल झाली. मी मान वळवून पाहिलं. तिने चपला काढल्या होत्या. पाय तळाला टेकवले होते. तिचं तोंड बदललं होतं. तिने दोन्ही कानांतला कापूस काढला आणि पुढे वाकली, आम्हा दोघांच्या मध्ये, त्याच्या डाव्या कानापाशी.

"डायवर, पाय काढ."

"काय झालं, बाई?"

"आवाज हाय. मोठा हाय."

नवरा म्हणाला, "अहो, परवाच नवं बेरिंग घातलंय."

"कंचं?"

"डावं."

"डावं नाय. उजवं हाय. थांबव."

नवऱ्याने रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "आवाज आहे का गं?"

होता. पन्नासच्या वर नुसता घूं राहिला नव्हता, त्यात आता दाणे भरडल्यासारखी खरखर होती. मला ऐकू येत होती. ते मी मागे बसलेल्या त्या बाईसमोर म्हणायचं? गॅरेजवाला खरा आणि ती खरी आणि मी खोटी?

"नाही," मी म्हटलं. "काही नाही. त्यांना सवयच आहे."

"मी पाया पडते तुज्या, थांबव," गिरणवाली म्हणाली. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

नवरा पुन्हा माझ्याकडे वळला. त्याला धड ऐकू येत नव्हतं, त्याला कुणातरी एकीचा कान घ्यायला हवा होता. लग्न झाल्यापासून मला एवढंच हवं होतं, की त्याने तिला न विचारता मला विचारावं.

"मी सांगतेय ना," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि पाय काढला नाही.

तिथून चिंचेचं झाड किती लांब होतं ते मी नंतर एकदा चालून पाहिलं. फार नव्हतं.

पालघरच्या दवाखान्यात हवालदार आला. माझा हात प्लास्टरमध्ये होता. गिरणवालीच्या कपाळाला टाके घातले होते. सदरा रक्ताने भरला होता, आणि सगळं रक्त तिचं नव्हतं. हवालदार लिहून घेत होता. गाडी किती वेगात होती, रस्त्यात गुरं आली होती का, असलं. मग त्याने विचारलं, "आधी काही आवाज वगैरे येत होता का?"

त्याने मला विचारलं होतं.

गिरणवाली म्हणाली, "नाय. कायच आवाज नव्हता. एकदम गेलं चाक."

ज्या बाईने ओलं भात कधी कुणाचं चालवून घेतलं नाही, तिने हे सांगितलं, आणि हवालदाराने ते लिहिलं. त्याखाली तिने अंगठा उठवला. मी सही केली. मला सही येते.

माहेरी जायला तोंड नव्हतं. मी तिच्याच खोलीत राहिले. ती म्हणाली, गिरणीत ये. मी तिथे वर्षानुवर्षं सुपात भात ओतलं. तिने मला त्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही. मी रात्री वाट बघायचे की आज बोलेल, आज शिव्या देईल, मग मीही दोन शिव्या देईन आणि फिटेल. ती बोलली नाही. ती तेवढी चांगली होती, का तिला माणसांचं काहीच वाटत नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. चांगली असेल तर तेही तिच्याच वाट्याला आलं.

तिने मला शिकवायचा प्रयत्न केला. "हे बग, आता भात सुकं हाय, ऐक. आता ओलं आलं, ऐक." मी मान डोलवायचे. मला नुसता गोंगाट ऐकू यायचा.

बोईसर स्टँडवरचे जुने ड्रायव्हर पुष्कळ वर्षं गिरणीत यायचे. गाडी दारात उभी करून म्हणायचे, "बाई, जरा ऐका ना." ती ऐकायची, ते जायचे. जाता जाता त्यांच्यातला एखादा म्हणायचा, "आपला कराडवाला आणि बाई, काय जोडी होती! गाडी डुलवत जायचे चिंचणीला." मी सूप धरून तिथेच उभी असायचे. त्यांना मी गिरणीतली कामवाली वाटायचे.

नवऱ्याच्या आठवणी माझ्यापाशी आहेत त्या जेवणाच्या आणि भांडणाच्या. हसण्याच्या सगळ्या तिच्यापाशी होत्या. मी एकदा विचारलं, "तुम्हाला त्यांची आठवण येते का?" तिने कापूस न काढता सांगितलं, "येते."

गाडी उजव्या बाजूने झाडावर आदळली. नवरा उजवीकडे होता, तो तिथंच गेला. आम्ही दोघी वाचलो.